जॅक कुठे लावायचा?

"गाडी विकावी म्हणतोय," बाबा फोनवर म्हणाले, तेव्हा मी पुण्यात बसच्या गर्दीत एका हाताने दांडा धरून उभी होते. नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा विचारलं. पलीकडून तेच वाक्य आलं आणि त्याला जोडून, "पुढच्या वर्षी पंधरा वर्षं होतील. पुन्हा पासिंग, पुन्हा खर्च. त्यापेक्षा गिऱ्हाईक बघून देऊन टाकू."

गाडी म्हणजे आमची २००९ सालची बोलेरो. ती दारात आली तेव्हा मी चौथीत होते आणि आईने तिच्या चाकांवर पाणी घालून बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं होतं. आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत आहे. डांबरी रस्ता सोडला की शेवटचे तीन किलोमीटर लाल माती, मोठाले दगड आणि एक ओढा. पावसाळ्यात त्या वाटेवर छोटी कार आणायची कोणाची हिंमत होत नाही. त्यामुळे आमची बोलेरो ही आमच्या एकट्याची कधीच नव्हती. रात्री-अपरात्री कुणाला कराडच्या दवाखान्यात न्यायचं, कुणाचं वऱ्हाड, कुणाचं खत, कुणाची बाळंतीण, सगळं तिच्यातूनच. आणि चालवणारे एकटे बाबा.

ती गाडी विकायची, हे बाबांच्या तोंडून येणं म्हणजे देवळातला देव हलवण्यासारखं होतं.

त्या रात्री मी आईला फोन केला. तिचा राग वेगळाच होता. "गाडीचं राहू दे. यंदा शिमग्याला मला म्हणाले, एसटीने जा."

आईचं माहेर चिपळूणजवळ आहे. कोकणात शिमगा म्हणजे काय, हे ज्यांचं आजोळ तिकडचं आहे त्यांना सांगायला नको. ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, आणि मुंबई-पुण्याला गेलेली माणसंही त्या दिवशी गावात हजर होतात. आम्ही दरवर्षी बोलेरोने कुंभार्ली घाट उतरून जायचो. आजी आता बरीच थकली आहे. अशा वेळी "एसटीने जा" हे आईला लागणारच. मामाशी काहीतरी बिनसलं असावं आणि म्हणून बाबा येणं टाळतायत, अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली होती. "आणि हल्ली गाडी चालवताना बोलत नाहीत गं," ती म्हणाली. "रात्री तर चालवायचीच बंद केली. मोतीबिंदू झालाय की काय, विचारलं तर चिडले."

शिमग्याच्या आधीच्या शुक्रवारी मी सुट्टी काढून गावी निघाले. बाबा पाटणच्या स्टँडवर घ्यायला आले होते.

डांबरी रस्त्यावर काही विशेष जाणवलं नाही. फक्त बाबा चाळीसच्या वर जात नव्हते आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. गाडी मधूनच किंचित डावीकडे ओढली जायची, बाबा तिला परत जागेवर आणायचे. मातीची वाट सुरू झाली आणि पहिल्याच दगडाला पुढून, डाव्या बाजूच्या खालून आवाज आला. टक. पत्र्याची खडखड नव्हती ती. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा, छोटा आणि घट्ट आवाज. ओढ्यात उतरताना स्टिअरिंग वळवलं, पुन्हा टक.

"हा कसला आवाज?" मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की ती नजर मी विसरणार नाही. "तुला आला? खरंच आला?"

मग ओढ्याच्या पलीकडे गाडी थांबवून ते बोलले. चार महिन्यांपासून हा आवाज होता. दिवाळीनंतर त्यांनी तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथे पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलले, पैसे घेतले. आवाज राहिला. पुन्हा नेली. त्यांनी जॅक लावला, चाक उचललं, धरून हलवलं आणि सांगितलं की सगळं टाईट आहे. बाबांनी तरी हट्ट धरला, तेव्हा तिथला एक पोरगा हसत म्हणाला, "काका, आवाज गाडीत नाही, तुमच्या डोक्यात आहे. वय झालं की असं होतं."

"मग मलाच वाटायला लागलं," बाबा म्हणाले, "आपलाच हात गेला. गाडी सरळ राहत नाही ती हातामुळे. आवाज येतो तो भास. घाटात तुझ्या आईला घेऊन उतरायचं धाडस होईना. एसटीचा ड्रायव्हर तरी धड असतो."

चार महिने त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं.

आता एक कबुली द्यायला हवी. मी कंटेंट रायटर आहे. शब्दांच्या हिशोबाने लिहिते. कधी केसांच्या तेलावर, कधी कर्जाच्या हप्त्यांवर. दीड वर्षापूर्वी एका ग्राहकासाठी मी गाडीच्या सस्पेन्शनवर लेख लिहिला होता, 'बॉल जॉइंट खराब झाल्याची लक्षणं'. त्यात ठकठक आवाज, एका बाजूला ओढली जाणारी गाडी, कडेने झिजलेला टायर असं सगळं होतं. आणि शेवटी एक वाक्य होतं: 'जॅक लावून चाक उचला आणि हलवून पाहा, ढिलं वाटलं तर मेकॅनिकला दाखवा.' ओढ्याकाठी बसून बाबांचं ऐकताना मला ते वाक्य आठवलं. गॅरेजवाल्यांनी नेमकं हेच केलं होतं. चाक उचललं, हलवलं, ढिलं वाटलं नाही. मग चूक कुठे होती?

आमच्या शेजारच्या वाडीत एक चाचा राहतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. आता डोळ्याला जाड चष्मा आहे आणि गाड्यांची कामं ते सहसा घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले, बाबांचं सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "जॅक कुठं लावला होता त्यांनी?"

मला सांगता येईना. बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "चासीला."

"येतो," चाचा म्हणाले आणि खुंटीवरची टोपी काढली.

आमच्या खळ्यात, सपाट जागी गाडी उभी होती. चाचांनी आधी हँडब्रेक ओढायला लावला, गाडी गिअरमध्ये टाकायला लावली, मागच्या दोन्ही चाकांच्या पुढे-मागे दगड लावले. मग मला म्हणाले, "आधी त्या लोकांनी केलं तसंच करू." चासीखाली जॅक लावून डावं पुढचं चाक उचललं. चाक खाली लोंबकळत राहिलं. "हलव."

मी चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे धरलं आणि जोर लावून हलवलं. काही नाही. भिंत हलवल्यासारखं. बाबांनी हलवलं. काही नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"बघितलंत?" चाचा म्हणाले. "हितंच फसतात." त्यांनी जॅक उतरवला, गाडीखाली वाकले आणि मला बोटाने दाखवलं. टॉर्चच्या उजेडात मी पहिल्यांदाच ती जागा पाहिली, जिच्यावर मी हजार शब्द लिहिले होते.

चाकाच्या आतल्या बाजूला दोन लोखंडी हात असतात, एक वर, एक खाली. त्यांना आर्म म्हणतात. हे आर्म आतल्या टोकाला चासीला रबरी बुशांनी जोडलेले असतात आणि बाहेरच्या टोकाला त्यांच्या मध्ये चाकाचा नकल बसतो. चाक वर-खालीही व्हायला हवं आणि स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडे वळायलाही हवं, म्हणून आर्म आणि नकल यांच्यामध्ये साधा खिळा चालत नाही. तिथे बॉल जॉइंट असतो. एक गुळगुळीत लोखंडी गोळा, त्याला दांडी, आणि तो गोळा एका वाटीत बसवलेला. आपल्या खांद्याचा सांधा जसा, तसाच. आत ग्रीस आणि वरून रबराचं टोपण, ज्याला बूट म्हणतात.

आमच्या बोलेरोला पुढे कॉइल स्प्रिंग आहे आणि ती स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. म्हणजे त्या बाजूच्या गाडीचं ओझं स्प्रिंगमधून खालच्या आर्मवर आणि तिथून खालच्या बॉल जॉइंटमधून चाकावर जातं. वरचा बॉल जॉइंट चाकाला फक्त सरळ धरून ठेवतो. खरं ओझं खालचा वाहतो, आणि बहुतेक वेळा आधी झिजतो तोही खालचाच.

"आता चासी उचलली तर काय होतं?" चाचांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. गाडी वर जाते, पण स्प्रिंग तशीच दाबलेली असते. ती खालच्या आर्मला पूर्ण ताकदीने खाली ढकलत राहते आणि सांधा ताणून धरते. गोळा वाटीच्या एका बाजूला असा घट्ट दाबला जातो की माणसाच्या हाताने तो हलणं शक्यच नाही. आतून कितीही झिजलेला असो, बाहेरून टाईटच वाटणार. "सांध्यावरचं वजन काढल्याशिवाय तो खरं बोलत न्हाय," चाचा म्हणाले.

मग त्यांनी जॅक खालच्या आर्मखाली लावला, बॉल जॉइंटच्या जितका जवळ लावता येईल तितका. चाक जमिनीपासून जेमतेम दोन-तीन बोटं उचललं. आता स्प्रिंग आर्म आणि चासी यांच्यात दाबलेली राहिली, आणि तिचा सगळा जोर जॅकवर आला. सांधा मोकळा झाला. चासीखाली त्यांनी जाड लाकडी ठोकळे रचले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, हे त्यांनी मला तीनदा बजावलं.

"भाऊ, पहार घ्या. टायरखाली घाला आणि वर उचला. जोर नको, सावकाश. पोरी, तू हितं बोट ठेव." माझं बोट त्यांनी आर्म आणि नकल जिथे भेटतात तिथे ठेवलं, निम्मं इकडे, निम्मं तिकडे.

बाबांनी पहार दाबली.

टक.

तो आवाज मी कानाने ऐकलाच, पण त्याआधी तो माझ्या बोटाखाली झाला. नकल वर सरकला आणि आर्म जागेवरच राहिला. पहार सोडली, तो खाली आला. टक. पाच रुपयांच्या नाण्याच्या जाडीएवढी हालचाल असेल, जास्त नाही. पण ती होती.

"बाबा, तुम्ही बघा," मी म्हटलं. आम्ही जागा बदलल्या. मी पहार धरली, बाबा वाकले, त्यांनी बोट ठेवलं. मी दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. बाबा काही बोलेनात. मी चार-पाच वेळा तरी केलं असेल. ते तसेच बसून होते, बोट न काढता.

चाचांचं काम संपलं नव्हतं. "चाक ढिलं असण्याची कारणं चार असतात. एक सापडलं म्हणून बाकीची सोडायची न्हाईत," ते म्हणाले. त्यांनी बारा आणि सहाला धरून चाक हलवायला सांगितलं. आता हलत होतं. मग आईला हाक मारली. "वहिनी, जरा गाडीत बसून ब्रेक दाबून धरा."

आई इतका वेळ ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती, बोलत नव्हती, पण बघत होती. ती येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली. पंधरा वर्षांत मी तिला त्या सीटवर कधी पाहिलं नव्हतं. तिने ब्रेक दाबला, मी चाक हलवलं. अजूनही हलत होतं.

यातली गोम अशी की व्हील बेअरिंग ढिलं असेल तर ब्रेक दाबल्यावर ते हलणं बंद होतं, निदान खूप कमी होतं, कारण ब्रेक चाकाला नकलशी जखडून टाकतो. ब्रेक दाबूनही चाक हलतंच राहिलं तर दोष बेअरिंगच्या आत, म्हणजे बॉल जॉइंटकडे आहे. वर बघितलं तर वरचा जॉइंट स्थिर होता. हालचाल खालीच होती.

त्यानंतर चाक तीन आणि नऊला, म्हणजे दोन्ही बाजूंना धरून हलवलं. इथे ढिलाई सापडली तर संशय टायरॉड एंडवर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांडीच्या टोकाला असलेल्या सांध्यावर जातो. ते ठीक निघाले. शेवटी चाचांनी पहारीने आर्मचे चासीकडचे बुश हलवून पाहिले, रबराला चिरा आहेत का ते टॉर्चने बघितलं. मग उजवी बाजूही तशीच तपासली. तिथेही खालच्या जॉइंटला थोडी हालचाल होती, डावीपेक्षा कमी.

कारणही सापडलं. डाव्या जॉइंटचं रबरी बूट फाटलं होतं. आतलं ग्रीस कधीच निघून गेलं होतं आणि त्याच्या जागी आमच्या वाटेची लाल माती होती. सांध्यात पाणी आणि माती गेली की ती ग्रीसऐवजी पॉलिश पेपरसारखं काम करते. चौदा वर्षं ओढ्यातून आणि चिखलातून जाणाऱ्या गाडीचं रबर फाटणं यात नवल नाही. नवल हे की ते फाटलेलं रबर आधी कोणी वाकून पाहिलंच नव्हतं.

"असंच चाललं असतं तर?" आईने सीटवरूनच विचारलं.

चाचांनी चष्मा पुसला. "गोळा वाटीतून बाहेर आला असता, वहिनी. मग चाक आडवं पडतं. गाडी खाली बसते. स्टिअरिंग हातात राहतं, पण चाक ऐकत न्हाय. सपाट रस्त्याला निभावून जाईल एकवेळ. घाटात..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

आईने ब्रेकवरचा पाय अजून काढला नव्हता. ती बाबांकडे बघत होती. बाबा खाली मातीत बसलेले, हाताला काळं ग्रीस. ते म्हणाले, "म्हणजे हात माझा नव्हता."

"म्हणून एसटीने जा म्हणालात होय?" आईने विचारलं.

बाबांनी मान हलवली. बस्स, एवढंच. आई गाडीतून उतरली आणि आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला. चाचांना तिने त्या दिवशी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

गाडी तशी हलवायची नाही, असं चाचांनी सांगितलं. बाबा शेजारच्याची मोटारसायकल घेऊन कराडला गेले आणि दोन्ही बाजूंचे खालचे बॉल जॉइंट घेऊन आले. एक बाजू बदलली की दुसरीही बदलायची, कारण दोन्ही चाकं सारखीच वाट चाललेली असतात. रविवारी चाचांनी त्यांच्या पुतण्याला हाताशी घेऊन काम केलं. मी बघत होते, हात लावला नाही. कारण या कामात धोका आहे. आर्मखालचा जॅक हीच एक गोष्ट त्या दाबलेल्या स्प्रिंगला धरून असते. जॉइंट सुटलेला असताना जॅक सरकला तर स्प्रिंग उसळून माणसाचा हात किंवा डोकं फोडू शकते. तपासणी घरी करता येते, बदलणं मात्र जाणत्या माणसाचं काम.

जुना जॉइंट हातात घेऊन बाबांनी त्याची दांडी हलवली. नव्या जॉइंटची दांडी जोर लावल्यावर कशीबशी वळते. जुनी मात्र वाटीत खुळखुळत होती, वाळलेल्या बेलफळासारखी. बाबांनी तो जॉइंट टाकून दिला नाही. तो अजून आमच्या ओसरीच्या कोनाड्यात आहे. त्या गॅरेजमध्ये नेऊन दाखवायचा आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नाही. मला बघायला ठेवलाय."

सगळा खर्च त्या आधी बदललेल्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या निम्म्याहून कमी आला. सोमवारी कराडला जाऊन अलाइनमेंट करून घेतलं, कारण सांधा बदलला की चाकाचा कोन थोडा का होईना बदलतो आणि तसंच ठेवलं तर टायर कडेने खाल्ला जातो.

तुमच्या घरीही अशी एखादी जुनी जीपगाडी असेल तर या अनुभवातून शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, आवाज कधी येतो ते लिहून ठेवा. बॉल जॉइंटचा आवाज बहुतेक वेळा कमी वेगात, खड्ड्यात किंवा स्टिअरिंग वळवताना येतो. वेगात इतर आवाजांत तो हरवतो. मेकॅनिकला 'आवाज येतो' एवढंच सांगण्यापेक्षा 'ओढ्यात उतरताना, डावीकडे वळवलं की, डाव्या चाकाखालून' असं सांगितलं तर त्याला आवाज डोक्यातला आहे असं म्हणता येत नाही.

दुसरी, टायर बघा. आतली किंवा बाहेरची एकच कड जास्त झिजत असेल तर पुढच्या सांध्यांची तपासणी केल्याशिवाय नुसतं अलाइनमेंट करून घेऊ नका. सांधा ढिला असताना केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, आपल्या गाडीत स्प्रिंग कशावर बसते ते आधी बघा. खालच्या आर्मवर बसत असेल तर जॅक खालच्या आर्मखाली. काही गाड्यांत स्प्रिंग वरच्या आर्मवर असते, तिथे ओझं वरचा जॉइंट वाहतो आणि तपासण्याची पद्धत उलटी होते. तिथे जॅक चासीखालीच लावतात. शहरातल्या बहुतेक छोट्या गाड्यांत तर वरचा आर्मच नसतो, स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर एकाच नळीत असतात. त्यांच्या खालच्या जॉइंटवर गाडीचं ओझं नसतं, म्हणून चाक लोंबकळतं ठेवूनच तो तपासतात. आणि जिप्सीसारख्या पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा असलेल्या गाडीत हे बॉल जॉइंट नसतातच. तिथे किंगपिनची बेअरिंगं बघावी लागतात. किती हालचाल चालते याची मर्यादा प्रत्येक गाडीची वेगळी असते, ती गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

चौथी, वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, टॉर्च घेऊन गाडीखाली वाका आणि रबरी बूट फाटलेत का ते बघा. त्याला जॅकही लागत नाही. फाटलेलं रबर म्हणजे उद्याचा ढिला सांधा.

पुण्याला परतल्यावर मी त्या जुन्या लेखाच्या ग्राहकाला मेल केली. लेखात एक वाक्य अर्धवट आहे, ते दुरुस्त करून देते, पैसे नकोत, असं लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, 'ओके'. मी जॅकबद्दलचा एक परिच्छेद लिहून पाठवला. तो वाचून कोणाचे बाबा स्वतःच्या हातावर संशय घ्यायचे थांबले असतील का, मला माहीत नाही. पण ते वाक्य तसंच ठेवणं मला जमलं नसतं.

आणि आणखी एक गोष्ट मनात राहिली. त्या चार महिन्यांत मी दर रविवारी बाबांना फोन करत होते. "बरं आहे ना सगळं?" मी विचारायचे, "बरं आहे," ते म्हणायचे. मीही त्या गॅरेजवाल्यांसारखीच होते. चाक धरून हलवत होते आणि टाईट आहे म्हणून समाधान मानत होते. आता मी तसं विचारत नाही. "आज गाडी कुठे नेली? ओढ्यात पाणी किती होतं? परत येताना कोण होतं बरोबर?" असं विचारते. मग ते बोलतात.

शिमग्याला आम्ही गेलो. हेळवाक मागे पडलं, घाट सुरू झाला आणि आई नेहमीप्रमाणे पुढच्या सीटवर हातात पिशवी धरून बसली होती. पहिल्या मोठ्या वळणावर बाबांनी वेग कमी केला, कान देऊन ऐकलं. काही नव्हतं. दुसऱ्या वळणावर त्यांचा डावा हात स्टिअरिंगवरून गिअरवर आला आणि तिथेच राहिला. तिसऱ्या वळणानंतर ते आईला विचारत होते की मामाने यंदा आंब्याला मोहोर कसा आहे ते सांगितलं का. आई म्हणाली, "तुम्हीच विचारा आता, जातोयच की."

गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. तिचं पासिंगही झालं, आता पुढची पाच वर्षं ती दारात आहे. दिवाळीआधी आम्ही पुन्हा खळ्यात जॅक लावला, खालच्या आर्मखाली. बाबांनी पहार धरली, मी बोट ठेवलं आणि आई न सांगता जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

"दाबू का ब्रेक?" तिने विचारलं.